किती फूट? आणि कशापासून?

आमच्या सोयगाव तालुक्यात फूट मोजतात ते खालच्या दिशेनं. पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात किंवा दहाव्याला जमलेली दोन माणसं "तीनशे", "साडेचारशे", "सहाशेला पण नुसता फुफाटा" असं गंभीर चेहऱ्यानं बोलत असली, तर विषय बोअरचा आहे हे लहान पोरालाही कळतं. विहीर परसात आणि बोअर फुटात, एवढं गणित आलं की शेतकऱ्याचं भागतं. वरच्या दिशेचं माप इथं कधी कुणाला लागलं नाही. वर अजिंठ्याचा डोंगर आहे, तो आहे तेवढा आहे.

तसा आमचा उंचीशी संबंध जुना. तालुका घाटाखाली आणि जिल्हा घाटावर, अशी सरकारनं आमची वाटणी करून ठेवली आहे. बाजाराला पाचोरा-जळगाव जवळ, ऊन खानदेशातलं, बोलण्याची ढब निम्मी खानदेशी. पण शिक्का पाहिजे असेल तर डोंगर चढून छत्रपती संभाजीनगर. वेताळवाडीच्या किल्ल्याला वळसा घालून एसटी हळदा घाट चढायला लागते आणि मध्यावर कुठंतरी कानात दडे बसतात. शेजारचा प्रवासी भावकीतल्या बांधाचं भांडण सांगत असतो, ते ऐकू येईनासं होतं. घाट संपता संपता एक जांभई येते, कान 'टक्' करून उघडतात, आणि भांडण अजून त्याच बांधावर असतं.

त्या 'टक्'मध्ये अख्खं विमानशास्त्र दडलंय हे मला भाच्यामुळे कळलं. भाचा वैमानिक व्हायला निघालाय. धुळे, शिरपूर, जळगाव अशा आमच्या आसपासच्या गावांत आता लहान विमानं चालवायला शिकवतात. त्यातल्याच एका ठिकाणी तो आहे. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, आणि अठरा पूर्ण झाली, 200 तास उडून झालं, परीक्षा सुटल्या, की पोटापाण्याचा. सुटीला घरी आला तेव्हा आक्कानं पहिल्याच घासाला विचारलं, "किती वर जातो रे तू?"

"कशापासून?" भाचा म्हणाला.

आक्काचा भाकरी वाढणारा हात थांबला. "कशापासून म्हणजे? वर म्हणजे वर."

"जमिनीपासून, समुद्रापासून, का 1013 पासून?"

दाजी ताटातून मान न काढता म्हणाले, "एवढी फी भरली अन् याला अजून वर कोणीकडं आहे हेच कळंना."

पोरगं मात्र खरं बोलत होतं. वैमानिकाला उंची विचारली की तो आधी शून्य कुठं आहे ते विचारतो. आपण मात्र शून्य गृहीत धरून बसतो. आपलं शून्य म्हणजे आपलं अंगण.

आता मौज अशी की ज्या यंत्रावर हा सगळा कारभार चालतो, ते अल्टिमीटर नावाचं तबकडीचं यंत्र उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा अंदाज ठोकून देतं. आत पातळ पत्र्याची, हवा काढून बंद केलेली डबी असते. विमान वर गेलं की भोवतीची हवा विरळ होते, डबीवरचा दाब कमी होतो, ती फुगते, आणि तिला जोडलेली दातेरी चाकं काटे फिरवतात. समुद्रसपाटीच्या आसपास साधारण 27-28 फूट वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं उतरतो; हेक्टोपास्कल हे दाबाचं माप. घाटात आमच्या कानाचा पडदा हेच काम करतो. फरक इतकाच की त्याला आकडे नाहीत आणि तो जांभई दिल्यावर परत शून्यावर येतो.

वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो हे पहिल्यांदा कुणी पडताळून पाहिलं, ही गोष्ट भाच्यानं सांगितली आणि घरात तिचा फार परिणाम झाला. इटलीच्या तोरिचेल्लीनं पाऱ्याची नळी उभी करून दाबमापक बनवलं होतं. पुढं फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाच्या बुद्धिमान तरुणाला वाटलं, हीच नळी डोंगरावर नेली तर पारा उतरायला हवा. कल्पना उत्तम. फक्त डोंगर दूर, क्लेरमाँ गावाजवळ, आणि पास्कलची तब्येत तोळामासा. मग त्यानं काय केलं? त्या गावात राहणाऱ्या आपल्या दाजींना पत्र लिहिलं. दाजींचं नाव फ्लोराँ पेरिए. 19 सप्टेंबर 1648 रोजी हा सज्जन माणूस काचेची नळी आणि पारा सांभाळत प्वी-द-दोम नावाचा डोंगर चढला. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी उभी करून तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एका साधूला बसवलं होतं. माथ्यावर पारा तीनेक इंच उतरलेला दिसला. दाजींना विश्वास बसेना, म्हणून त्यांनी माथ्यावरच पाच वेगवेगळ्या ठिकाणी तो प्रयोग केला: आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात, पावसात.

आज जगातले बहुतेक विमानतळ दाब सांगतात तो हेक्टोपास्कलमध्ये. डोंगर चढले दाजी आणि नाव लागलं मेहुण्याचं. आमचे दाजी हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळीकडं हेच आहे."

तर शून्याचा प्रश्न. तो समजायला आमच्यापेक्षा चांगली जागा नाही, कारण आम्ही दोन विमानतळांच्या मधोमध घाटाच्या पायथ्याशी बसलोय. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 840 फुटांवर, आणि छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे चिकलठाण्याचा, 1,911 फुटांवर. समजा जळगावच्या एखाद्यानं धावपट्टीवर उभं राहून आपल्या अल्टिमीटरचं शून्य तिथंच लावलं. याला ते क्यू-एफ-ई म्हणतात. काटा शून्य दाखवतोय, म्हणजे चाकं जमिनीवर. किती सोयीचं! विमानतळाभोवती जे चक्कर मारतात ते जमिनीपासून हजार फुटांवर. काटा बरोबर हजार दाखवील. पण हा माणूस याच शून्यानं घाट ओलांडून चिकलठाण्याला उतरायला गेला तर? हवा तशीच राहिली असं धरलं, तर काटा हजार दाखवत असताना विमान समुद्रापासून 1,840 फुटांवर असेल. चिकलठाण्याची धावपट्टी त्याच्याहून सत्तर फूट वर. थोडक्यात, यंत्राच्या मते तो आकाशात सुखरूप आणि प्रत्यक्षात चिकलठाण्याच्या बोअरमध्ये. त्याआधी वाटेत अजिंठ्याचा डोंगर आहे, तो ही वेळ येऊ देणार नाही, हा भाग वेगळा.

म्हणून सगळ्यांनी मिळून समुद्र हे शून्य धरलं. विमानतळावरचा माणूस रेडिओवर एक आकडा सांगतो, क्यू-एन-एच वन झिरो झिरो सिक्स वगैरे. वैमानिक तबकडीच्या खिडकीत तो आकडा फिरवून बसवतो, की मग काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो: जळगावला जमिनीवर असताना 840, चिकलठाण्याला 1,911. साठ-सत्तर फुटांचा फरक चालवून घेतात. ही खिडकी म्हणजे पॉल कोल्समन या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरची करामत, साल 1928. दुसऱ्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1929 ला, जिमी डूलिटल नावाच्या वैमानिकानं विमानावर झाकण ओढून, बाहेरचं काही न बघता, फक्त यंत्रांकडे बघत विमान उडवलं आणि उतरवलं. तेव्हा समोर याच कोल्समनचं अल्टिमीटर होतं. खिडकीला अजून त्याचंच नाव आहे. तो बहुधा कुणाचा मेहुणा नसावा.

रेडिओवर सांगितलेला दाब आणि उंची वैमानिकानं शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. नुसतं 'हो हो' चालत नाही. भाच्याला ती सवय इतकी लागली आहे की आक्का म्हणाली, "अर्धा लिटर दूध आण," की तो म्हणतो, "दूध, अर्धा लिटर." ती म्हणाली, "येताना आजीची गोळी आण," की "येताना, आजीची गोळी." आक्काला वाटतं पोरगं शाळेत गेल्यापासून फार आज्ञाधारक झालं. दाजींवरही हा प्रयोग करावा असं तिच्या मनात आहे.

हा आकडा तासातासाला का विचारायचा? कारण शून्य एका जागी राहत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे दाब चढा असतो, पावसाळ्यात उतरतो; जानेवारी आणि जुलै यांत डझनभर हेक्टोपास्कलचा फरक सहज पडतो. जानेवारीत काटा नीट लावून हँगरमध्ये ठेवलेलं विमान कुणी हात न लावता जुलैमध्ये तीनशेक फूट वर गेलेलं असतं. निदान त्याचं स्वतःचं तसं मत असतं. हवेत असताना हे घडलं तर गंमत संपते. दाब उतरलेल्या मुलखात तुम्ही जुन्याच आकड्यावर शिरलात, तर काटा सांगतो त्यापेक्षा तुम्ही खाली असता. दाब उतरला की डोंगर चढतो, असं भाच्याच्या वहीत मी मराठीत लिहून दिलंय.

बरं, काटा खोटं बोलायला हवामानच लागतं असंही नाही. बाहेरची हवा आत घ्यायला विमानाच्या कुशीला एक बारीक भोक असतं. आमच्याकडे कुंभारमाशी दाराच्या कडीत, पंपाच्या स्टार्टरमध्ये, गणपतीच्या मखरात, मिळेल त्या भोकात चिखलाचं घर बांधते. तिला विमान आणि स्टार्टर यांत फरक वाटत नाही. भोक बुजलं की काटा जिथं असेल तिथं थांबतो. तुम्ही चढा, उतरा, तो आपल्या मतावर ठाम. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारून सगळं निरखतो, त्यात या भोकाकडं बघणंही असतं. हवेत गेल्यावर कळलं तर काही विमानांत पर्यायी भोकाची कळ असते. आणि ती नसेल तर? पाठ्यपुस्तक सांगतं की चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या शेजारच्या यंत्राची काच फोडा, म्हणजे केबिनची हवा आत शिरेल. पुस्तकातून यंत्र फोडायला सांगणारं शिक्षण मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आता तिसरं शून्य, 1013. एका ठरावीक उंचीच्या वर गेलं की विमानं जमिनीचा आणि खऱ्या समुद्राचा नाद सोडतात आणि सगळी जण खिडकीत 1013 हा एकच आकडा लावतात. हा जगानं बसून ठरवलेला समुद्र. 15 अंश तापमान, 1013.25 दाब, हा समुद्र मुंबईत नाही, गोव्यात नाही, कागदावर आहे. मग उंची चुकत नाही का? चुकते की. पण सगळ्यांची सारखीच चुकते, म्हणून टक्कर होत नाही.

तीच टक्कर टाळण्यासाठी आणखी एक नियम आहे, तो मला फार आवडला. पूर्व अर्ध्या दिशेला जाणाऱ्यानं विषम हजार धरायचे आणि पश्चिम अर्ध्या दिशेला जाणाऱ्यानं सम. बाहेर बघत उडणाऱ्या लहान विमानांनी त्यात पाचशे मिळवायचे. शहरात रस्त्याच्या कडेला सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या असतात, तसंच हे, फक्त इथं गाडी उचलून नेणारा टेम्पो येत नाही. जळगावहून चिकलठाण्याला जायचं तर नाक जवळजवळ सरळ दक्षिणेला, पण किंचित पश्चिमेकडे कललेलं. म्हणजे जाताना 4,500 आणि येताना 5,500. दहा-अकरा अंशांच्या कलानं माणूस हजार फूट वर की खाली हे ठरतं.

इथं एक गोष्ट सांगून पुढं जातो, तीत विनोद नाही. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. 349 माणसं गेली. एकाला 14,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, दुसऱ्याला 15,000 वर. दुसरं खाली घसरलं. कझाक वैमानिक घरी मीटरमध्ये उंची मोजणारे. दिल्लीच्या पडद्यावर तेव्हा विमानाची जागा दिसायची, उंची दिसायची नाही. त्यानंतर आपल्याकडे विमानांनी आपली उंची आपोआप कळवावी आणि जवळ आलेल्या विमानाचा इशारा मिळावा, याची सक्ती झाली. हजार फूट हे अंतर कागदावर किती मोठं दिसतं आणि हवेत किती छोटं असतं, हे त्या दिवसानं दाखवलं.

भाच्याची आजी, म्हणजे माझी आई, हे सगळं ऐकत होती. तिनं आपला निर्णय दिला: "तू खालून खालूनच चालव. अन् हळू चालव."

भाचा घाबरला. कारण आजीनं मायेनं विमान पाडायची अचूक कृती सांगितली होती. हळू गेलं की पंख हवा सोडतात; खालून गेलं की सावरायला जागा उरत नाही. त्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं कोसळत नाही, एक फूट उतरताना नऊ फूट पुढं सरकतं. हजार फुटांवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर. हाताशी साधारण दीड मिनिट. तेवढ्यात मोकळं रान शोधायचं, वारा बघायचा, रेडिओवर सांगायचं. शंभर फुटांवर असेल तर समोर येईल ती कपाशी आपली. म्हणून नियमच आहे की वस्तीवरून जाताना आसपासच्या सगळ्यांत उंच अडथळ्याच्या हजार फूट वरून जा, आणि उघड्या रानावरूनही पाचशेच्या खाली येऊ नका. आमच्या शिवारावरून पाचशे फुटांवर कुणी गेलं, तर घाटमाथ्यावर गुरं राखणाऱ्याला त्या विमानाची पाठ दिसेल. आजीला हे समजावल्यावर ती म्हणाली, "मग उंचावरून जा, पण हळू." निम्मं पटलं होतं.

दाजींनी मात्र वेगळा मुद्दा काढला. "मोबाइलवर जीपीएस आहे ना? बघ अन् मोकळा हो." मोबाइलच्या काळात पाऱ्याच्या नळीचे वंशज कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण उपग्रहाचंही स्वतःचं शून्य आहे. तो पृथ्वी म्हणजे गुळगुळीत, किंचित चपटा गोळा धरून चालतो, आणि खरा समुद्र त्या गोळ्याशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या कमतरतेनं त्या गोळ्याच्या 106 मीटर खाली बसलंय. आपल्या किनाऱ्याशीही हा खड्डा साठेक मीटरचा. त्यामुळे कच्च्या जीपीएसला विचारलं तर जुहू चौपाटीवर भेळ खाणारा माणूस शून्याच्या साठ मीटर खाली बसलेला असतो. मोबाइल आतल्या आत दुरुस्ती करून हे झाकतो. आणि मुख्य म्हणजे आकाशातले बाकीचे सगळे दाबावर चाललेत. तुम्ही एकटे बरोबर असाल तर तुम्हीच धोकादायक.

जुहूवरून आठवलं. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ नावाचं चिमुकलं विमान आणलं ते जुहूला. समुद्राला खेटून असलेली ती जागा पावसाळ्यात चिखलात जायची, मग टाटांची विमानसेवा चार महिने पुण्याला येरवड्याला हलायची. समुद्रसपाटी हे शून्य धरायला किती चांगलं आहे हे टाटांना माहीत असेलच. पण त्यावर विमान उतरवायचं तर ती कोरडी लागते.

हे सगळं कळल्यापासून मला एक वाईट खोड लागली आहे. कुणी उंचीचा आकडा सांगितला की माझ्या तोंडून निघतं, "कशापासून? कशानं मोजली?" शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं आणि ते 1,500 फूट वर गेलं, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. उडालं की नाही यावर भांडणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पडायचं नाही. माझी शंका 1,500 वर आहे. कथेत बघ्यांमध्ये सयाजीराव गायकवाड आहेत, न्यायमूर्ती रानडे आहेत, पण पाऱ्याची नळी घेऊन वर गेलेले दाजी कुठंच नाहीत. विमानात माणूस नव्हता असंही कथाच सांगते. मग 1,500 बघितले कुणी? बरं, आकडाही कसा, अगदी गोल. खरं मोजलं असतं तर 1,430 किंवा 1,565 आला असता. आमच्याकडे बोअरवाला सुद्धा बिल करताना 300 म्हणत नाही, 307 म्हणतो.

शेवटी सगळ्यांत चक्रम उंची. भाच्यानं ती मुद्दाम राखून ठेवली होती.

विमानाला उंची आकड्यानं कळत नाही, हवेच्या दाटपणानं कळते. हवा तापली की फुगते, विरळ होते, आणि विमानाला वाटतं आपण डोंगरावर आलो. पुस्तकातली हवा समुद्रावर 15 अंशांची, आणि दर हजार फुटांना दोनेक अंशांनी थंड होणारी. त्या हिशेबानं जळगावला 13 अंश असायला पाहिजेत. मे महिन्यात दुपारी तिथं 45 असतात. वरच्या प्रत्येक अंशाला साधारण 120 फूट धरायचे. बत्तीस अंशांचे झाले 3,840, त्यात जमिनीचे 840. एकूण 4,680 फूट. महाबळेश्वर साधारण 4,500 फुटांवर आहे. म्हणजे मे महिन्यात दुपारी अख्खं जळगाव जागचं न हलता महाबळेश्वरच्या वर जाऊन बसतं, आणि तेही थंडी, स्ट्रॉबेरी आणि मॅप्रो वगळून. चिकलठाण्याला 42 अंश असले तर हाच हिशेब 5,600 च्या पुढं जातो. कळसूबाई 5,400 फूट. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर उन्हाळ्यात तीन-चार तास चिकलठाण्याकडं असतं आणि जिल्हा प्रशासनाला याची दाद नाही. मी हे गणित दोनदा करून पाहिलं. पर्यटन खात्याला कळवावं असं मनात आहे.

विमानाला मात्र यातली मौज कळत नाही. इंजिनाला खायला हवा कमी, पंख्याला रेटायला हवा कमी, पंखांना तोलायला हवा कमी. धावपट्टीवर ते नेहमीपेक्षा कितीतरी लांब पळतं, आणि उचललं तरी घाटातल्या भरलेल्या एसटीसारखं कण्हत चढतं. भाच्याच्या शिकाऊ विमानाचं, सेस्ना 152 चं, सगळं मिळून वजन 757 किलोच्या वर जाता कामा नये. दोन भरभक्कम माणसं बसली आणि टाकी काठोकाठ भरली की ही मर्यादा तशीही ओलांडली जाते. गुरुजी अंगानं जाड असले तर पेट्रोल कमी घ्यायचं, असा तिथला उघड हिशेब असतो, आणि गुरुजींना त्याचा राग येत नाही. आक्कानं निघताना बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा त्यानं हातात धरून तोलून पाहिला तेव्हा मात्र आक्काला राग आला.

म्हणूनच उड्डाण शिकवणारे उन्हाळ्यात पहाटे कामाला लागतात आणि दुपारी विमानं सावलीत उभी करतात. तेव्हा वाचकहो, मे महिन्यात कुणी ओळखीचा शिकलेला वैमानिक म्हणाला की चला, लहान विमानातून अजिंठ्याचा डोंगर वरून दाखवतो, तर जरूर जा. फक्त जेवून-बिवून दुपारी तीनला नको म्हणावं. सकाळी सहाची वेळ मागून घ्या आणि रात्री कमी जेवा.